हेलिकॉप्टरची दंतचक्रे



माझा एक जुना विद्यार्थी मुंबई हायच्या तेलफलाटावर नोकरीस आहे. चौदा दिवस समुद्रात आणि चौदा दिवस घरी, असा त्याच्या आयुष्याचा क्रम चालतो. जाताना आणि येताना त्याला जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने प्रवास करावा लागतो. नाताळच्या सुटीत तो भेटावयास आला होता. बोलता बोलता म्हणाला, "सर, विमानाचे पंख अंगाला पक्के जोडलेले असतात, ते डोळ्यांना दिसते. हेलिकॉप्टरचा पंख तर गरगर फिरत असतो. आम्ही सगळे त्याला टांगलेले. मग त्याला धरून काय ठेवते?" मी शिक्षकाच्या सवयीने चटकन उत्तर दिले, "मधला दांडा." त्यावर तो म्हणाला, "आणि दांड्याला?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. पुढे काही महिने मी त्या विषयावरील पुस्तके व अपघातांच्या चौकशीचे अहवाल मिळवून वाचले. त्यातून हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

दांड्याला धरून ठेवतो तो गिअरबॉक्स, म्हणजे दंतचक्रांची पेटी. इंजिन आणि फिरता पंख यांच्यामध्ये ती बसविलेली असते. इंजिनाची शक्ती पंखाला पोहोचविणे हे तिचे एक काम, आणि पंखाने उचललेला सारा भार यंत्राच्या अंगावर उतरविणे हे दुसरे. विमानाला दोन किंवा चार इंजिने असली तर एक बंद पडून भागते. हेलिकॉप्टरलाही दोन इंजिने असतात. परंतु त्या दोहोंची शक्ती अखेरीस ज्या पेटीतून पंखाकडे जाते, ती पेटी एकच असते. तिला जोडीदार नाही. म्हणूनच त्या पेटीत कोणती चक्रे कशी मांडावी हा प्रश्न गेल्या सव्वाशे वर्षांत किती जणांनी किती प्रकारे सोडविला, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम हे समजून घेऊ की मुळात चक्रे लागतातच कशाला. इंजिन जितक्या वेगाने फिरते तितक्याच वेगाने पंख का फिरवू नये? याचे कारण पंखाच्या टोकाशी आहे. आपण एक लहानसा हिशेब करू. रशियाच्या मी-६ या प्रचंड हेलिकॉप्टरच्या पंखाचा व्यास ३५ मीटर होता. त्याचा घेर सुमारे ११० मीटर भरतो. पंख मिनिटाला १२० फेरे, म्हणजे सेकंदाला दोन फेरे घेई. अर्थात पात्याचे टोक सेकंदाला २२० मीटर अंतर कापीत असे. आता अमेरिकेतील बेल ४७ हे चिमुकले हेलिकॉप्टर घ्या. त्याच्या पंखाचा व्यास पावणेअकरा मीटरांच्या आत, आणि फेरे मिनिटाला साडेतीनशेच्या आसपास. तेथेही टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २०० मीटरच निघतो. हत्ती आणि ससा यांची ही बरोबरी योगायोगाची नव्हे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. हेलिकॉप्टर पुढे जात असता एका बाजूच्या पात्याच्या वेगात यंत्राचा स्वतःचा वेगही मिळविला जातो. टोक ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा रोध एकदम वाढतो, पाते थरथरू लागते आणि कानठळ्या बसविणारा आवाज होतो. त्यामुळे टोकाचा वेग सर्वांनाच एका मर्यादेत ठेवावा लागतो. पंख जितका मोठा, तितका तो सावकाश फिरविणे भाग पडते.

आणि येथेच खरी अडचण उभी राहते. शक्ती तीच ठेवून फेरे एक नवमांश केले, तर दांड्यावरचा पीळ नऊपट होतो. ओला कपडा दोन हातांनी पिळताना जो जोर लागतो, तोच हा पीळ. मोठ्या हेलिकॉप्टरला इंजिनेही मोठी लागतात, आणि पंख तर अधिकच सावकाश फिरतो. म्हणजे पीळ दोन्ही अंगांनी वाढतो. तो सोसण्यासाठी चक्रांचे दाते जाड हवेत, पेटी भक्कम हवी. परंतु भक्कम म्हणजे जड, आणि हवेत उडावयाच्या यंत्रात प्रत्येक किलो प्रवाशाच्या किंवा इंधनाच्या वाट्यातून जातो. ही ओढाताण या इतिहासात पहिल्यापासून चालू आहे.

आमचे आजोळ वसईकडचे. आजोबांच्या केळीच्या वाडीत पूर्वी रहाट होता. माझ्या लहानपणी तो मोडून पडलेला होता, तरी त्याची लाकडी चाके मी पाहिली आहेत. बैल जमिनीवर गोल फिरे, त्याच्याबरोबर आडवे चाक फिरे, त्या चाकाच्या खुंट्या उभ्या चाकाच्या खुंट्यांत अडकत आणि गाडग्यांची माळ विहिरीतून वर येई. आडव्या फिरण्याचे उभे फिरणे करण्याची ही युक्ती फार जुनी आहे. हेलिकॉप्टरात तीच उलटी वापरतात. इंजिनाचा दांडा बहुधा आडवा असतो, पंखाचा उभा असतो, आणि दोहोंची गाठ तिरप्या दात्यांची दोन शंकूसारखी चक्रे घालून देतात. कारखान्यातील माणसे त्यांना बेव्हल गिअर म्हणतात. रहाटाची खुंटी मोडली तर सुतार दुसरी ठोकून देई. येथे तशी सोय नाही.

अगदी आरंभीच्या प्रयोगकर्त्यांनी दंतचक्रांऐवजी पट्ट्यांवर भिस्त ठेवली. फ्रान्समधील पॉल कोर्नू या सायकली व यंत्रे बनविणाऱ्या गृहस्थाने १३ नोव्हेंबर १९०७ रोजी लिझ्यू गावाजवळ आपले दोन पंखांचे यंत्र चालविले. २४ अश्वशक्तीचे इंजिन मध्ये आणि तेथून दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांना पट्टे, अशी त्याची रचना होती. यंत्र हातभर उचलले गेले असे सांगतात. पुढील अभ्यासकांनी त्याविषयी शंका घेतली आहे. पट्टे घसरत, ही मात्र कोर्नूची खरी डोकेदुखी होती. त्यानंतर दोनच वर्षांनी कीव्ह शहरात इगोर सिकोर्स्की नावाच्या विशीतील तरुणाने २५ अश्वशक्तीच्या इंजिनावर आपले पहिले हेलिकॉप्टर बांधले. ते उडाले नाही. दुसऱ्याने स्वतःचे वजन उचलले, पण चालकाला उचलण्याइतके बळ त्यात नव्हते. तरुण शहाणा होता. त्याने तो नाद सोडून विमाने बांधली आणि तीस वर्षे वाट पाहिली.

१४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेतील स्ट्रॅटफर्ड येथे त्याच सिकोर्स्कीने डोक्यावर हॅट घालून आपले व्हीएस-३०० हे यंत्र स्वतः जमिनीवरून उचलले. ते दोरांनी बांधलेले होते. ७५ अश्वशक्तीचे इंजिन, तेथून पट्ट्यांनी शक्ती घेऊन पुढे बेव्हल चक्रे, असा त्याचा मामला होता. पट्ट्याची गंमत अशी की तो अद्याप हद्दपार झालेला नाही. १९७९ साली उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र मिळालेल्या रॉबिन्सन आर-२२ या दोन आसनी हेलिकॉप्टरात आजही इंजिनाची शक्ती पट्ट्यांवरूनच वर जाते. लहान शक्तीला पट्टा पुरतो. शिवाय तो धक्के स्वतःत मुरवितो, आणि झिजला की डोळ्यांना दिसतो. हा शेवटचा गुण आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याची आठवण होईल.

सिकोर्स्कीच्या आधी जर्मनीत हाइनरिश फोकेचे एफडब्ल्यू ६१ हे यंत्र २६ जून १९३६ रोजी उडाले होते. त्याला दोन्ही बाजूंना एकेक पंख होता आणि नाकाशी असलेल्या इंजिनापासून दोन्हीकडे दांडे गेलेले होते. पंख फिरू लागला की यंत्राचे अंग उलट्या दिशेने फिरू पाहते. दोन पंख एकमेकांविरुद्ध फिरविले की ही ओढ फिटते. सिकोर्स्कीने त्याऐवजी शेपटीला छोटा उभा पंख लावला. तिसरी तऱ्हा एकाच दांड्याच्या ओळीत वर-खाली दोन पंख बसविण्याची. गोव्यात दाबोळीच्या आसपास राहणाऱ्यांनी नौदलाची कामोव्ह हेलिकॉप्टरे पाहिली असतील. त्यांना शेपटीचा पंख नसतो, आणि एकाच पेटीतून दोन दांडे, एक पोकळ व दुसरा त्याच्या पोटातून, उलट दिशांनी फिरत बाहेर पडतात. तात्पर्य, बाहेरून हेलिकॉप्टरचा जो आकार दिसतो तो पुष्कळ अंशी आतल्या चक्रांच्या मांडणीनेच ठरतो.

या आरंभीच्या यंत्रांचे बळ किती तोकडे होते याचे एक उदाहरण आपल्या सीमेलगतचे आहे. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलात अडकलेल्या चौघांना सिकोर्स्कीच्या आर-४ या हेलिकॉप्टरने बाहेर काढले. रणभूमीवरून हेलिकॉप्टरने केलेली ही पहिली सुटका मानतात. पण उष्ण हवेत त्या यंत्राला एका खेपेस एकच माणूस उचलवत होता. जेथे एका माणसाचे ओझे एवढे जड, तेथे चक्रांच्या पेटीने किती वजन खावे, हा प्रश्न वेगळा सांगावयास नको.

त्याचे उत्तर जुन्याच पेटाऱ्यातून निघाले. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉट आपणांस शाळेच्या पुस्तकातून ठाऊक आहे. दट्ट्याच्या वर-खाली हालचालीचे गोल फिरणे करण्यास सोपा उपाय होता तो भुजेचा, पण त्यावर पिकार्ड नावाच्या माणसाने १७८० साली आपला हक्क नोंदविला होता. तेव्हा वॉटने १७८१ साली निराळी योजना नोंदविली. ती सुचली होती त्याचा सहकारी विल्यम मर्डॉक याला, असे मानतात. एका चक्राभोवती दुसरे चक्र फिरत राहील अशी ती योजना होती, आणि तिला नाव मिळाले सूर्य आणि ग्रह. हक्काच्या कटकटीतून निघालेले हे नाव टिकले. पुढे तिच्याभोवती आतल्या बाजूस दाते असलेले एक कडे आले आणि ग्रहमालेची मांडणी पुरी झाली.

ही मांडणी अशी असते. मध्ये एक लहान चक्र, तो सूर्य. भोवती तीन, चार किंवा अधिक ग्रह. त्यांच्या बाहेर कडे. कडे पेटीला घट्ट बांधलेले असते. इंजिन सूर्याला फिरविते. ग्रह स्वतःभोवती फिरत फिरत सूर्याभोवतीही प्रदक्षिणा घालतात. आणि ज्या चौकटीत ग्रहांचे आस बसविलेले असतात ती चौकट त्यांच्याबरोबर संथपणे फिरते. पंखाचा दांडा त्या चौकटीला जोडतात. सूर्याला ३० दाते व कड्याला ६० दाते असले, तर सूर्याचे तीन फेरे झाले म्हणजे चौकटीचा एक फेरा होतो. अशा दोन माला एकीवर एक रचल्या की तीन त्रिक नऊ.

बेल ४७ मध्ये नेमके हेच केले आहे. आर्थर यंग या स्वतंत्र वृत्तीच्या संशोधकाने ते घडविले, आणि ८ मार्च १९४६ रोजी नागरी वापराचे पहिले प्रमाणपत्र त्याला मिळाले. इंजिन उभे बसवून त्याच्या डोक्यावर ग्रहमालेच्या दोन पायऱ्या ठेवल्या; इंजिनाच्या नऊ फेऱ्यांमागे पंखाचा एक. इंजिन उभेच असल्यामुळे मुख्य मार्गावर बेव्हल चक्राचीही गरज उरली नाही. कागदावर काढून पाहिली तर एवढी आटोपशीर रचना क्वचितच आढळेल.

ग्रहमालेचा मोठा गुण असा की भार वाटला जातो. दोन साध्या चक्रांत सारा पीळ एका वेळी एका-दोन दात्यांवर येतो. येथे तो सर्व ग्रहांत विभागला जातो, म्हणून चक्रे लहान ठेवता येतात आणि पेटी हलकी होते. पण वाटणी समान होण्यास ग्रहांचे आस केसाच्या अंतरानेही चुकता कामा नयेत. चुकलेच तर एक ग्रह राबतो आणि बाकीचे नुसते फिरतात. यावर तोड म्हणून सूर्याला किंचित सैल ठेवतात, म्हणजे तो आपणहून मध्यावर येतो. तीन ग्रह असता हे चांगले साधते. ग्रह वाढवीत गेले की अवघड होते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. ग्रहाच्या दात्याला एका बाजूने सूर्य ढकलतो आणि अर्ध्या फेऱ्याने तोच दाता कड्यावर गेला की दुसऱ्या बाजूने दाबला जातो. तार मोडावयाची झाली म्हणजे आपण ती इकडून तिकडे व तिकडून इकडे वाकवितो. ग्रहाचा दाता आयुष्यभर तसाच वाकत राहतो.

१९५० नंतरच्या दशकात झोतयंत्राच्या जातीची टर्बाइन इंजिने हेलिकॉप्टरांत आली. ती वजनाने हलकी आणि शक्तीने दांडगी, पण फिरण्याची त्यांना विलक्षण घाई. मार्च १९५५ मध्ये उडालेले फ्रान्सचे आलुएत-२ हे या इंजिनावर बनलेले मोठ्या संख्येचे पहिले हेलिकॉप्टर. त्याचा धाकटा भाऊ आलुएत-३ याला आपण सारे चेतक या नावाने ओळखतो. १९६२ च्या करारानुसार तो बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार होऊ लागला. चेतकच्या इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला ३३,५०० फेरे घेतो आणि डोक्यावरचा पंख साडेतीनशेच्या किंचित वर. म्हणजे सुमारे पंचाण्णवास एक! ही घट काही इंजिनाच्या पुढच्या भागात आणि उरलेली मुख्य पेटीत केलेली आहे. अमेरिकेचे ह्यूई हेलिकॉप्टर १९५६ च्या ऑक्टोबरात प्रथम उडाले. त्यात इंजिनाकडून ६,६०० फेरे येत आणि पंखाला ३२४ लागत. त्यासाठी एक बेव्हल जोडी आणि तिच्यावर दोन ग्रहमाला, हा जो क्रम तेथे बसला तो पुढे कित्येक यंत्रांचा नमुना ठरला. शेपटीकडे जाणाऱ्या दांड्यालाही वळणांवर दोन छोट्या पेट्या लागल्या: एक ४२ अंशांची, एक ९० अंशांची.

या सगळ्या चक्रव्यूहाला कंटाळून काहींनी चक्रेच नकोत असे म्हटले. फ्रान्सच्या जिन या लहान हेलिकॉप्टरात १९५३ पासून एक नामी युक्ती होती. दाबलेली हवा पोकळ पात्यांतून नेऊन टोकांशी बाहेर सोडीत. दिवाळीतील भुईचक्र फिरते तसा पंख आपोआप फिरे. पिळाचा प्रश्नच नाही, म्हणून मोठी पेटी नाही, आणि अंग उलटे फिरण्याची भीतीही नाही. इंग्लंडच्या रोटोडाइनने १९५७ साली हीच कल्पना चाळीस उतारूंच्या यंत्रापर्यंत नेली. परंतु इंधन भरमसाट जळे, आणि रोटोडाइनचा आवाज शहरांना सोसवेना. १९६२ साली ती योजना गुंडाळली गेली. चक्रांना पर्याय शोधणारे पुनः चक्रांकडेच परतले.

चक्रांच्या या प्रश्नाशी सर्वांत जिद्दीने झगडले ते रशियन. मिखाईल मील यांच्या मी-६ चे पहिले उड्डाण ५ जून १९५७ रोजी झाले. त्याला प्रत्येकी ५,५०० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. त्या शक्तीला पंखाच्या १२० फेऱ्यांपर्यंत उतरविणाऱ्या पेटीचे वजन ३,२०० किलो भरले; दोन्ही इंजिनांच्या एकत्रित वजनाहून अधिक! याहून मोठे हेलिकॉप्टर हवे तर पेटी किती मोठी करावयाची? मील यांनी पुढच्या व्ही-१२ मध्ये तो प्रश्न सोडविलाच नाही, बगल दिली. मी-६ च्याच जातीचे दोन संच, पंखांसकट, दोन्ही बाजूंना बसविले. त्या यंत्राने ऑगस्ट १९६९ मध्ये ४० टनांहून अधिक भार सव्वादोन हजार मीटर उंचीवर नेला. तो विक्रम मोठा खरा, पण यंत्र वापरात आले नाही. १९७० साली मील वारले.

त्यांचे उत्तराधिकारी मरात तिश्चेंको यांनी मी-२६ मध्ये बगल देण्याचे नाकारले. २० हजार अश्वशक्ती एकाच पंखाला द्यावयाची, असा त्यांचा निश्चय होता. पेट्या करणे हे इंजिनवाल्यांचे काम, अशी तेथील रीत. पण या खेपेस ते काम मील यांच्या संस्थेने स्वतःच अंगावर घेतले, आणि ग्रहमाला बाजूला ठेवली. त्याऐवजी शक्तीला फाटे फोडले. प्रत्येक इंजिनाकडून आलेला पीळ अनेक लहान चक्रांत विभागावयाचा, आणि त्या सर्वांनी मिळून मधले एकच थोरले चक्र ढकलावयाचे. गावात रथ ओढताना दोराला अनेक हात लागतात, तशातला हा प्रकार. येथेही वाटणी समान हवीच. त्यासाठी मधल्या दांड्यांना मुद्दाम थोडी लवचीकता दिली. ज्याच्यावर भार अधिक येईल तो थोडा पिळला जातो आणि शेजारी भार घेऊ लागतो. परिणाम असा की जुन्या पेटीच्या जवळजवळ दुप्पट शक्ती व दीडपट पीळ नेणारी नवी पेटी साडेतीन हजार किलोंच्या आसपासच राहिली. १४ डिसेंबर १९७७ रोजी हे यंत्र उडाले. १९८० नंतरच्या दशकात आपल्या वायुदलाने काही मी-२६ घेऊन चंडीगडला ठेवली, आणि हिमालयात रस्ता नसलेल्या ठिकाणी त्यांनी जड यंत्रे नेली.

फाट्यांच्या मांडणीचे दोन लाभ मला विशेष महत्त्वाचे वाटतात. ग्रहमालेत ग्रह जास्त घातले की एकेका पायरीत घट थोडीच साधते, नाहीतर ग्रह एकमेकांवर आदळतील. थोरल्या चक्राच्या शेवटच्या एका पायरीत मात्र पुष्कळ घट उरकता येते. हा लाभ वजनाचा. दुसरा असा की तेथे प्रत्येक चक्राचा आस पेटीच्या भिंतीत स्थिर असतो. त्याच्याजवळ कान लावून बसता येते, म्हणजे कंपने मोजणारे उपकरण बसविता येते. ग्रह तर चौकटीबरोबर फिरत असतो. फिरत्या माणसाची नाडी कशी पाहणार?

इंग्लंडच्या लिंक्स हेलिकॉप्टरातही १९७१ मध्ये ग्रहमाला टाळली होती. तेथे कारण वेगळे, पेटीची उंची कमी हवी होती. रशियन अभियंता नोव्हिकोव्ह याने सुचविलेले खोलगट आणि फुगीर दाते, एकमेकांत मिठी मारल्यासारखे बसणारे, तेथे वापरले. तरीही बहुसंख्य कारखाने ग्रहमालेलाच धरून राहिले, आणि त्यात चुकीचे असे काही नव्हते. ती हलकी, आटोपशीर आणि कोट्यवधी तासांच्या उड्डाणांनी पारखलेली होती.

आता माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येतो. उत्तर समुद्रातील तेलफलाटांवर जाणारी माणसे त्याच्यासारखीच हेलिकॉप्टरने जातात. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी शेटलंड बेटांतील संबरा विमानतळाजवळ एक चिनूक हेलिकॉप्टर कोसळले. त्याला पुढे एक व मागे एक असे दोन पंख; त्यांची पाती एकमेकांच्या वर्तुळात शिरतात, आणि ती आपटू नयेत म्हणून दोन्ही पेट्या एका लांब दांड्याने ताल धरून बांधलेल्या असतात. पुढच्या पेटीतील बेव्हल चक्र निकामी झाले, ताल सुटला आणि पाती भिडली. ४७ जणांपैकी दोघे वाचले. १२ मार्च २००९ रोजी न्यूफाउंडलंडजवळ एस-९२ जातीच्या हेलिकॉप्टरच्या पेटीतील सर्व तेल गेले. कारण तेलाच्या गाळणीची वाटी धरणारे बोल्ट तुटले. वंगणावाचून चक्रे फार काळ चालली नाहीत. १८ जणांपैकी एक वाचला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १ एप्रिल २००९ रोजी, स्कॉटलंडच्या किनाऱ्याजवळ सुपर प्यूमा जातीचे हेलिकॉप्टर पडले आणि सोळाही जण गेले.

या तिसऱ्या अपघाताचा अहवाल वाचताना मी पुष्कळ वेळ थांबलो. त्या यंत्राच्या ग्रहमालेच्या दुसऱ्या पायरीत आठ ग्रह होते. त्यांतला एक तडकून फुटला, त्याने कडे फोडले आणि पंख दांड्यासकट निघून गेला. पेटीच्या तेलात लोहचुंबक ठेवलेले असते. दाते किंवा बेअरिंगे झिजू लागली की बारीक कण त्याला चिकटतात आणि तंत्रज्ञाला सूचना मिळते. अपघातापूर्वी आठवड्याच्या आत, २५ मार्च रोजी, त्या चुंबकाला एक कण चिकटलेला सापडला होता. तो कण कशाचा, याविषयी गैरसमज झाला आणि ग्रहमालेचा भाग उघडून पाहिला गेला नाही.

सात वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ रोजी, त्याच कुळातील ईसी-२२५ हेलिकॉप्टर नॉर्वेत टुरॉय बेटाजवळ पडले. तेराही जण मृत्यू पावले. पंख वेगळा होऊन काही क्षण एकटाच फिरत राहिलेला लोकांनी पाहिला. पुनः तोच दुसऱ्या पायरीचा ग्रह. यावेळी मात्र चुंबकाने काहीच सांगितले नव्हते. वजन वाचविण्यासाठी ग्रहाचे अंग आणि त्याच्या बेअरिंगचे बाहेरचे कडे एकाच पोलादाचे केलेले होते. बेअरिंगच्या वाटेवर एक अगदी बारीक खळगा पडला. तेथून तडा निघाला. नेहमीप्रमाणे तो पृष्ठभागालगत पसरता, तर टवके उडाले असते व चुंबकाला सापडले असते. तो आत, दात्यांच्या दिशेने गेला. आतल्या आत वाढणारा तडा तेलात कण सोडीत नाही. पट्ट्याविषयी मघाशी जे म्हटले त्याच्या नेमके उलट येथे घडले. चौकशी मंडळाचा अहवाल जुलै २०१८ मध्ये आला. ग्रहाचे बेअरिंग दोन कारखान्यांकडून घेतले जात होते. त्यांतील एका जातीच्या बेअरिंगचे ग्रह वापरातून काढून टाकण्यात आले, उरलेल्यांचे आयुष्य कमी ठरविण्यात आले आणि चुंबकाची तपासणी अधिक वेळा व अधिक कठोर मापाने होऊ लागली.

माझे मत विचाराल तर मी अभियंता नाही, एका शाळेत गणित शिकवितो. ग्रहमाला वाईट आणि फाट्यांची मांडणी चांगली असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. चिनूक तर बेव्हल चक्रामुळे पडले होते आणि एस-९२ काही बोल्टांमुळे. परंतु चक्रांची निवड करताना वजन, उंची आणि घट यांच्या जोडीला आणखी एक रकाना हवा, असे मला हे अहवाल वाचून वाटू लागले आहे: हा भाग बिघडू लागला तर तो आपल्याला सांगेल काय? अमेरिकेच्या सीएच-५३के या थोरल्या हेलिकॉप्टरात, जे ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रथम उडाले, शक्तीला फाटे फोडण्याची मांडणी घेतली आहे. तेथे मुख्य हेतू वजनाचा व शक्तीचा आहे. पाहण्याची सोय मिळाली ती वरकड म्हणून.

एवढे सारे मी माझ्या विद्यार्थ्याला पत्राने कळविले. अपघातांचा भाग लिहावा की नाही याचा मला विचार पडला होता. घरी त्याची आई पत्र वाचणार हे मला ठाऊक होते. शेवटी लिहिला. परवा त्याचा फोन आला. तो म्हणाला की त्या सोमवारी जुहूला हेलिकॉप्टर तपासणीसाठी उभे होते. त्याने तंत्रज्ञाला विचारले, यात ग्रह किती आहेत? तंत्रज्ञाने प्रथम त्याच्याकडे चमकून पाहिले. मग हातातले काम बाजूला ठेवून, तेलातून काढलेले चुंबक पांढऱ्या फडक्यावर पुसून त्याला दाखविले. त्यावर काही नव्हते.